आठवड्याची सुई: वजनाच्या इंजेक्शनचे पहिले काही महिने

वजन उतरवणाऱ्या औषधाचं (सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइड) पेन, म्हणजे पेनच्या आकाराचं इंजेक्शन, पहिल्यांदा हातात आलं की भीती वाटते ती सुईची. ती सुई चार मिलिमीटर लांब आणि पाव मिलिमीटरहून बारीक असते, आणि दुसऱ्या आठवड्यापासून तिचं काही वाटेनासं होतं. घोटाळे होतात ते दुसरीकडेच. तिसऱ्या आठवड्यात ‘काहीच फरक नाही’ म्हणून डोस वाढवला जातो, औषध फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकून गोठतं, भूक नाही म्हणून दिवस नुसत्या चहा-बिस्किटावर निघतो. हा लेख मुख्यतः या घोटाळ्यांबद्दल आहे. डॉक्टरांनी औषध लिहून दिलंय किंवा देणार आहेत, असं धरून पुढचं सगळं लिहिलं आहे.

औषध काय करतं

जेवण आतड्यात पोचलं की तिथल्या पेशी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक (हार्मोन) सोडतात. ते मेंदूला ‘पुरे’ सांगतं, जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतं आणि साखर वाढलेली असेल तर इन्सुलिनला चालना देतं. शरीरातलं हे संप्रेरक दोन-तीन मिनिटांतच मोडतं. सेमाग्लुटाइड ही त्याचीच टिकाऊ नक्कल आहे. तिला मेदाम्लाची शेपटी जोडलेली असल्यामुळे ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहते आणि निम्मी व्हायला साधारण आठवडा घेते. म्हणून सुई आठवड्यातून एकदाच. टिर्झेपाटाइड जीएलपी-१च्या जोडीला जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं, आणि ते साधारण पाच दिवसांत निम्मं होतं.

भारतात माउंजारो (टिर्झेपाटाइड) मार्च २०२५ मध्ये आलं आणि वेगोव्ही (सेमाग्लुटाइड) त्याच वर्षी जूनमध्ये. ओझेम्पिक हेही सेमाग्लुटाइडच, पण त्याची नोंदणी मधुमेहासाठी आहे. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं, त्यामुळे आता एकाच औषधाची अनेक नावं ऐकू येतील. खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांतल्या नावाकडे बघू नका. खाली बारीक अक्षरांत घटक आणि मिलिग्रॅम लिहिलेले असतात, ते वाचा.

किती उतरतं? सेमाग्लुटाइड २.४ मि.ग्रॅ.च्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. टिर्झेपाटाइडच्या २०२२च्या चाचणीत ७२ आठवड्यांत ५ मि.ग्रॅ.वर १५ टक्के आणि १५ मि.ग्रॅ.वर जवळपास २१ टक्के. हे आकडे सव्वा-दीड वर्षाचे आहेत, शिवाय आहार आणि व्यायामाचा सल्ला सोबत होताच. पहिल्या महिन्यात एखादा किलो उतरला तर गाडी रुळावर आहे असं समजा.

सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना न विसरता सांगायच्या गोष्टी

वजनासाठी ही औषधं बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३०च्या वर असेल तर, किंवा २७च्या वर असून सोबत मधुमेह, रक्तदाब, घोरताना श्वास अडकणं असं काही असेल तर दिली जातात. भारतीयांमध्ये २५च्या पुढे लठ्ठपणा धरतात हे खरं, पण तो निदानाचा आकडा. औषध द्यायचा आकडा वेगळा. लग्नाआधी पाच किलो उतरवायला हे औषध नाही.

डॉक्टर विचारतीलच म्हणून थांबू नका, पुढचं आपणहून सांगा:

– घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग किंवा एमईएन-२ हा आनुवंशिक आजार असेल तर हे औषध नको. साधा हायपोथायरॉइड, म्हणजे रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यावी लागते तो प्रकार, याला अडसर नाही. या दोन्हींची सर्रास गल्लत होते.

– पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल, पित्ताशयात खडे असतील, जठर संथ चालत असेल.

– मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड चालू असेल. आपल्याकडे ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची जोडगोळी घराघरात असते आणि लोक तिला ‘शुगरची साधी गोळी’ म्हणतात. ती तशीच ठेवून सुई सुरू केली आणि जेवण निम्मं झालं, तर साखर धोकादायक उतरू शकते. तिचा डोस आधी ठरवून घ्या.

– मधुमेह जुना असेल तर डोळ्याचा पडदा तपासून घ्या. साखर झपाट्याने उतरली की आधीपासून बिघडलेला पडदा आणखी बिघडू शकतो.

– गरोदरपणाचा विचार असेल. सेमाग्लुटाइड त्याआधी किमान दोन महिने बंद करावं लागतं, टिर्झेपाटाइड एक महिना. पीसीओएसमुळे (संप्रेरकांचा, बीजकोशाचा विकार) पाळी अनियमित असलेल्या बाईचं वजन उतरलं की बीजनिर्मिती परत सुरू होऊ शकते, त्यामुळे ‘मला कुठे राहणार’ हा जुना हिशोब इथे चालत नाही. टिर्झेपाटाइडसोबत गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. सुरुवातीला आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे कंडोमसारखं दुसरं साधन वापरा.

तपासण्यांत एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंड), यकृत, लिपिड (रक्तातली चरबी), टीएसएच (थायरॉइड) आणि बहुधा पोटाची सोनोग्राफी असते. सोनोग्राफी करून ठेवलेली बरी. खडे आधीपासून होते की वजन उतरताना झाले, हा वाद नंतर कुणालाच सोडवता येत नाही.

विकत घेताना

औषध चिठ्ठीशिवाय देणारं मेडिकल हे सोयीचं मेडिकल नव्हे, संशयास्पद मेडिकल आहे. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट ओझेम्पिकबद्दल जगभर इशारा दिला होता. ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत तसे बॅच सापडले होते. खोक्यावरचा बॅच क्रमांक आणि पेनवरचा बॅच क्रमांक जुळतो का ते काउंटरवरच बघा. पक्कं बिल घ्या, त्यावरही तो क्रमांक हवा. औषध तुमच्यासमोर फ्रिजमधून बाहेर आलं पाहिजे. शोकेसमध्ये ठेवलेलं पेन घेऊ नका. इन्स्टाग्रामवरून ‘पेप्टाइड’ म्हणून पावडरची कुपी विकतात, ‘पाणी घालून घ्या’ असं सांगतात. त्यात काय आहे आणि किती आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. त्या वाटेला जाऊच नका.

खर्चाचं गणित पहिल्या महिन्यावरून मांडू नका. डोसची पायरी चढली की बहुधा किंमतही चढते. बाजारात आलं तेव्हा माउंजारोची २.५ मि.ग्रॅ.ची एक व्हायल (एका आठवड्याच्या औषधाची कुपी) ३,५०० रुपयांची होती आणि ५ मि.ग्रॅ.ची ४,३७५ रुपयांची; म्हणजे महिना १४,००० वरून थेट १७,५००. त्यानंतर स्पर्धेमुळे भाव हललेत. आजचा भाव मेडिकलमध्ये विचारा, पण विचारताना तुमच्या पुढच्या दोन पायऱ्यांचाही विचारा. चार महिन्यांनी पैशापायी थांबायचं असेल तर सुरू न केलेलं बरं. का ते शेवटाकडे येईलच.

फ्रिज

न उघडलेलं औषध २ ते ८ अंशांत. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, पुढच्या बाजूला, खोक्यासकट ठेवा. दारात नको, दर उघडझापीला तिथलं तापमान हलतं. बर्फाच्या कप्प्याखाली किंवा मागच्या भिंतीला चिकटून तर मुळीच नको. एकदा गोठलेलं औषध वितळल्यावर दिसायला अगदी स्वच्छ दिसतं, पण वापरायचं नसतं, फेकायचं. कोथिंबिरीची जुडी मागे गारठून काळी पडते ना, ती जागा टाळायची.

वापरायला काढलेलं वेगोव्हीचं पेन ३० अंशांखाली सहा आठवडे चालतं, टिर्झेपाटाइडचं क्विकपेन ३० दिवस. बाकी कंपन्यांची मुदत खोक्यातल्या माहितीपत्रकात बघा. आता ‘३० अंशांखाली’ ही अट मे महिन्यात नागपूर-जळगावात पाळायची कशी? नाहीच पाळता येत. म्हणून चालू पेनही फ्रिजमध्येच ठेवा. दोन-चार तास लाइट गेली तर घाबरू नका, फक्त दार उघडू नका. रात्रभर गेली आणि फ्रिजमधलं दूध नासलं असेल, तर न उघडलेलं औषध किती वेळ बाहेर चालतं ते पत्रकात बघा किंवा मेडिकलवाल्याला बॅचसकट विचारा.

प्रवासात इन्सुलिनची थंड पिशवी चालते. बर्फाची पिशवी पेनला थेट लावू नका, मध्ये रुमाल हवा. विमानात औषध हातातल्या बॅगेत, सोबत चिठ्ठी. गाडीच्या डॅशबोर्डात उन्हात राहिलेलं पेन संपलं समजा.

पायऱ्या

सेमाग्लुटाइड: ०.२५ मि.ग्रॅ.पासून सुरुवात, मग ०.५, १, १.७ आणि २.४. प्रत्येक पायरीवर चार आठवडे.

टिर्झेपाटाइड: २.५ मि.ग्रॅ. चार आठवडे, मग ५. गरज पडली तर पुढे ७.५, १०, १२.५, १५, प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे.

पहिली पायरी वजन उतरवायला नसतेच. जठराला सवय लावायला असते. या महिन्यात भूक फारशी हलली नाही तर औषध नकली नाही, की तुमचं शरीर ‘वेगळं’ नाही. काहींची भूक पहिल्याच सुईला मरते, काहींना टिर्झेपाटाइडच्या ५ मि.ग्रॅ. किंवा सेमाग्लुटाइडच्या १ मि.ग्रॅ.पर्यंत थांबावं लागतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. शेजारचे काका १० वर गेले म्हणून आपणही चढायचं. शिडी आहे म्हणून शेवटच्या पायरीपर्यंत गेलंच पाहिजे असं नाही. ५ मि.ग्रॅ.वर आठवड्याला अर्धा किलो उतरतंय, मळमळ नाही, तर तिथेच राहावं. पैसे वाचतात, पोट शांत राहतं, आणि पुढे वजन अडकलं तर चढायला जागा उरते. उलट, मळमळ चालू असताना महिना भरला म्हणून चढणं म्हणजे ओकाऱ्यांना आमंत्रण. त्याच पायरीवर आणखी चार आठवडे थांबता येतं, डॉक्टरांना तसं विचारा. पायरी गाळून उडी मारणं किंवा मोठ्या ताकदीचं पेन आणून ‘क्लिक’ मोजत छोटे डोस काढणं, दोन्ही नको.

वार कोणता? जेवणाशी किंवा वेळेशी सुईचा संबंध नाही, पण मळमळ पहिल्या दोन-तीन दिवसांत जास्त जाणवते. शनिवारी रात्री सुई आणि रविवारी दुपारी मटण-वडे ही जोडी जमत नाही. रविवारी रात्री घेतली तर सोमवार-मंगळवार घरच्या डब्यावर निघून जातात. वार नंतर बदलता येतो. मात्र दोन सुयांमध्ये किमान दोन दिवस (सेमाग्लुटाइड) किंवा तीन दिवस (टिर्झेपाटाइड) जायला हवेत.

सुई घेणं: पेन

पेन फ्रिजमधून अर्धा तास आधी काढा, गार औषध जास्त झोंबतं. साबणाने हात धुवा. द्रव स्वच्छ हवा, त्यात कण किंवा गढूळपणा दिसला तर परत ठेवा आणि दुकान गाठा.

१. टोपण काढून नवी सुई सरळ धरून घट्ट फिरवा. बाहेरचं झाकण बाजूला जपून ठेवा, आतलं छोटं फेका.

२. हवा काढा. वेगोव्हीच्या पेनमध्ये ही तपासणी फक्त नव्या पेनच्या पहिल्या वेळी करायची: बटण तपासणीच्या खुणेपर्यंत फिरवून दाबायचं, टोकावर थेंब आला पाहिजे. टिर्झेपाटाइडच्या क्विकपेनमध्ये मात्र दर वेळी करायची: दोन ‘टिक’ येईपर्यंत फिरवा, सुई वर करून पेनवर टिचकी मारा, बटण दाबून पाचपर्यंत मोजा. हा फरक न कळल्यामुळे कुणी दर आठवड्याला औषध वाया घालवतं, तर कुणी हवाच टोचून घेतं.

३. डोस फिरवा. क्विकपेनवर ‘१’ दिसेपर्यंत, वेगोव्हीवर पेनवर लिहिलेला आकडा दिसेपर्यंत.

४. जागा: पोट (बेंबीपासून चार बोटं सोडून), मांडीची पुढची-बाहेरची बाजू, किंवा दंडाची मागची बाजू. दंडावर मात्र दुसऱ्याने टोचायचं. पोट सर्वांत सोपं. सुई काटकोनात आत, बटण दाबा, आकडा शून्यावर आला तरी सुई काढू नका. वेगोव्हीला सहापर्यंत सावकाश मोजा, क्विकपेनला पाचपर्यंत. पटकन काढली की पोटावर ओघळ येतो आणि तो ओघळ म्हणजे तुमचा डोस. काढल्यावर टोकाला एखादा थेंब दिसला तर हरकत नाही.

५. जागा चोळू नका. पुढच्या आठवड्यात दुसरी जागा. उजवीकडे-डावीकडे-मांडी असा फेरा ठरवून कॅलेंडरवर लिहा.

६. सुई काढूनच पेन परत ठेवा. सुई लावून ठेवलेल्या पेनमध्ये हवा शिरते, औषध गळतं आणि पुढच्या वेळी सुई तुंबते.

क्विकपेनमध्ये चार डोस झाल्यावर तळाशी औषध उरलेलं दिसतं. ते मुद्दाम जास्त भरलेलं असतं, हवा काढायच्या कामी यावं म्हणून. सिरिंजने ओढून पाचवा आठवडा काढायची युक्ती व्हॉट्सअॅपवर फिरते. त्यात ना माप बरोबर, ना स्वच्छता.

सुई घेणं: व्हायल

माउंजारोची व्हायल ०.५ एमएलची, एका डोसची. पूर्ण घ्यायची. अर्धी आज आणि अर्धी पुढच्या आठवड्यात असं करू नका.

इथली खरी मेख सिरिंजमध्ये आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन सिरिंजा मिळतात: लाल टोपणाची बहुधा यू-४० आणि केशरी टोपणाची बहुधा यू-१००. यू-४० वर ०.५ एमएल म्हणजे २० चा आकडा, यू-१०० वर ०.५ एमएल म्हणजे ५० चा. व्हिडिओत ‘५० युनिट’ ऐकलं आणि हातात लाल टोपणाची सिरिंज असेल, तर आकडाच सापडत नाही आणि माणूस गोंधळून अंदाजाने भरतो. टोपणाच्या रंगावर विसंबू नका, सिरिंजच्या अंगावर छापलेलं वाचा. ज्यावर सरळ एमएल लिहिलंय अशी १ एमएलची सिरिंज आणि कातडीखाली द्यायची बारीक सुई मेडिकलमध्ये मागितली तर हा प्रश्नच मिटतो.

व्हायलचं रबर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, सुकू द्या. सिरिंजमध्ये ०.५ एमएल हवा घ्या, ती व्हायलमध्ये सोडा, मग व्हायल उलटी करून औषध ओढा. हवा न सोडता ओढायला गेलात तर आत निर्वात होतो आणि दट्ट्या परत खेचला जातो. बुडबुडे टिचकी मारून वर आणा, परत ढकला, ०.५ वर थांबवा. सुई पेनपेक्षा लांब असल्यामुळे पोटाची चिमूट धरून टोचा.

जेवण

औषधाचा त्रास म्हणून जे सांगितलं जातं त्यातला बराचसा भाग ताटातून येतो. जठर सावकाश रिकामं होतंय. त्यात जुन्या मापाने जेवलं की अन्न तिथेच बसून राहतं. मग मळमळ, करपट ढेकरा, रात्री आडवं झालं की घशाशी येणं. दुपारच्या बटाटेवड्याचा ढेकर रात्री नऊला आला की गणित कळतं.

ताट लहान घ्या. अर्धी भाकरी, एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ, भाजी, वाटीभर दही. आधी उसळ किंवा अंडं-मासे, मग भाजी, भाकरी शेवटी. म्हणजे पोट भरलं तर राहील ती भाकरी, प्रथिनं नव्हेत. ‘आणखी दोन घास चालतील’ असं वाटतं तिथे थांबा, कारण भरल्याची जाणीव उशिरा येते आणि आली की एकदम येते. तळण, मिसळीचा कट, श्रीखंड-पुरी, दारू हे निदान सुईनंतरचे तीन दिवस बाजूला. आग्रहाचं काय करायचं, हा प्रश्न कुठल्याही पत्रकात नाही. ‘डॉक्टरांनी बंद केलंय’ एवढंच सांगा, कुठलं औषध ते सांगायची गरज नाही.

उतरणाऱ्या वजनात सगळीच चरबी नसते. चाचण्यांत पाव भागापासून ते ४० टक्क्यांपर्यंत घट स्नायू वगैरे चरबीविरहित भागाची दिसली आहे. म्हणून प्रथिनं मोजून खा. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर बहुतेकांना दिवसाला ६० ते ८० ग्रॅम धरायला हरकत नाही. अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, वाटीभर शिजलेल्या वरण-उसळीत ७-८, मूठभर (३० ग्रॅम) फुटाण्यांत ६, ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत १५, तळहाताएवढ्या माशाच्या किंवा चिकनच्या तुकड्यात २० ते २५. शाकाहारी माणसाने हे सगळं एका दिवसात बसवून बघावं. पनीर, उसळ, दही, फुटाणे, सोया असं सगळं धरूनही बेरीज पन्नाशीच्या आसपास घोटाळते. म्हणून अनेकांना व्हे (दुधातल्या प्रथिनांची पावडर) किंवा सोया पावडरचा एक चमचा (मापाचा, २० ते २४ ग्रॅम प्रथिनांचा) घ्यावा लागतो. सोबत आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना ताण देणारा व्यायाम: खुर्चीतून हात न टेकता उठबस, भिंतीवर जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. नुसत्या चालण्याने पाय सोडून बाकी स्नायू वाचत नाहीत.

उपवासाबद्दल. भूक नसल्याने चातुर्मास सोपा जातो आणि तिथेच फसगत होते. साबुदाण्याच्या खिचडीत तेल भरपूर आणि प्रथिनं दाण्याच्या कुटापुरती. उपास करायचाच तर दही, ताक, पनीर, राजगिरा आणि भरपूर पाणी. निर्जळी नको. रोजे ठेवायचे असतील तर महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलून त्या काळात डोस वाढवायचा नाही असं ठरवा.

काय बिघडतं आणि त्यावर काय

मळमळ: बहुधा डोस वाढवल्यावरच्या आठवड्यात येते आणि ओसरते. थोडं थोडं खा, गार ताक, आल्याचा तुकडा, मऊ मूगखिचडी. तूप वरून नको. रिकाम्या पोटी कडक चहा हे मळमळीचं हमखास कारण.

बद्धकोष्ठता: खाणं आणि पाणी दोन्ही घटल्याने. पाणी घड्याळ लावून प्या, तहान लागायची वाट बघू नका. इसबगोल एक चमचा पूर्ण पेलाभर पाण्यात घ्या. पाणी कमी घेतलं तर तो उलट अडवून ठेवतो.

उलट्या-जुलाब: डब्ल्यूएचओ सूत्राची ओआरएस पुडी, तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. चोवीस तासांत पाणीही ठरत नसेल, लघवी गडद आणि कमी झाली असेल, तर घरी बसू नका. पाणी आटून मूत्रपिंडाला इजा होते.

केस गळणं: तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दिसतं. वजन झपाट्याने उतरल्याचा तो परिणाम. प्रथिनं, लोह, बी-१२ तपासा. बहुधा परत येतात.

चक्कर: रक्तदाबाच्या जुन्या गोळ्या आता जास्त पडत असतील. घरी मोजा, आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा.

लगेच रुग्णालयात जायची लक्षणं वेगळी आहेत. वरच्या पोटात सतत तीव्र दुखणं, पाठीत जाणारं, उलट्यांसह: हे स्वादुपिंड असू शकतं. उजव्या बरगडीखाली कळ, ताप, डोळे पिवळे: पित्ताशय. एका डोळ्याची नजर अचानक जाणं. अशा वेळी ‘अॅसिडिटी असेल’ म्हणून पुढची सुई घेऊ नका.

शस्त्रक्रिया किंवा एंडोस्कोपी ठरली असेल तर भूलतज्ज्ञाला हे औषध चालू असल्याचं आधीच सांगा. उपाशी राहूनही जठरात अन्न असू शकतं, आणि भुलेत ते फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं. दाताच्या मोठ्या कामासाठी बेशुद्ध करणार असतील तरी सांगा.

सुई चुकली

सेमाग्लुटाइड: पुढच्या सुईला दोन दिवसांहून जास्त वेळ असेल तर आठवण होताच घ्या, नाहीतर ती सोडा. टिर्झेपाटाइड: चार दिवसांच्या आत असेल तर घ्या, नाहीतर सोडा. दोन्ही बाबतींत पुढची सुई नेहमीच्याच वारी. दुप्पट कधीच नाही. लागोपाठ दोन-तीन सुया चुकल्या (परगावी गेलं, औषध मिळालं नाही) तर जुन्या पायरीवर परत उडी मारू नका. डॉक्टर बहुधा खालून सुरू करायला सांगतात. जठराची मोडलेली सवय परत लावावी लागते.

नोंद आणि थांबणं

वजन आठवड्यातून एकदाच करा: सुईच्या वारी, सकाळी, संडासला जाऊन आल्यावर. बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. वजन दोन-तीन आठवडे अडलं तरी कंबर बऱ्याचदा सरकत असते. झेपेल त्या सर्वांत वरच्या डोसवर सहा महिने होऊनही ५ टक्के वजन उतरलं नाही, तर औषध चालू ठेवायचं का याची चर्चा डॉक्टरांशी करा.

थांबल्यावर भूक परत येते, जुन्याच जोराने. सेमाग्लुटाइडच्या चाचणीतल्या लोकांनी औषध बंद केल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनाचं दोन तृतीयांश परत कमावलं. हे त्यांच्या मनोबलाचं अपयश नव्हे. रक्तदाबाची गोळी थांबवल्यावर दाब वाढतो, तसंच. तेव्हा ‘किती महिने घ्यायचं’ हे पहिल्याच भेटीत विचारा आणि उत्तर बहुधा ‘लांब’ असेल हे धरून पैसे मांडा.

वापरलेल्या सुया

जाड प्लॅस्टिकचा, फिरकीच्या झाकणाचा रिकामा डबा घ्या (कपडे धुण्याच्या द्रवाची बाटली उत्तम) आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘वापरलेल्या सुया’ असं लिहा. सुई टोचून झाली की बाहेरचं झाकण लावून फिरवून काढायची आणि थेट त्यात. सिरिंजच्या सुईवर मात्र टोपण परत लावायचं नाही, बोटात शिरते. ती सिरिंजसकट डब्यात टाका. सुटी सुई सुक्या कचऱ्यात गेली की सोसायटीत कचरा वर्गीकरण करणाऱ्या बाईच्या हातात ती घुसते आणि कुणाची आहे हे तिला कळायचा मार्ग नसतो. डबा तीन-चतुर्थांश भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि पुढच्या भेटीला जाताना दवाखान्यात द्या. त्यांच्याकडे जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी येते. आधी फोन करून ते घेतात का विचारून ठेवा.